सेंद्रिय आर्सेनिक संयुगं: विष, औषध आणि लिगँड, सगळं एकाच अणूभोवती

तुमच्या सेमिनारचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सेंद्रिय आर्सेनिक संयुगं, म्हणजे आर्सेनिक थेट कार्बनला जोडलेली संयुगं, बनवतात कशी, त्यांचे कामाला येणारे गुणधर्म कोणते, आणि फॉस्फरससारखा सोयीचा शेजारी असताना या विषारी मूलद्रव्याच्या वाटेला कुणी जावंच कशाला?

सुरुवात शेवटच्या भागापासून करते, कारण सगळी गोम तिथेच आहे. ‘आर्सेनिक विषारी असतं’ हे वाक्य रसायनशास्त्रात अर्धवट आहे. उंदरांना तोंडावाटे दिल्यावर निम्मे दगावतील असा सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा डोस वजनाच्या किलोमागे सुमारे 35 मिलिग्रॅम आहे. दोन मिथिल गट लावलेल्या डायमिथिलआर्सिनिक आम्लासाठी हाच आकडा सुमारे 1200 मिलिग्रॅम होतो. मासे आणि कोळंबीत सापडणाऱ्या आर्सेनोबीटेनच्या बाबतीत तर 10,000 मिलिग्रॅमपर्यंत गेलं तरी निम्मे उंदीर मरत नाहीत. मूलद्रव्य तेच आहे. म्हणून ‘आर्सेनिक आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कुठल्या रूपात आहे’ हे विचारायचं.

रूप म्हणजे नेमकं काय पाहायचं? आधी संयुजा तीन आहे की पाच, ते. मग कार्बन सोडून आर्सेनिक आणखी कशाला जोडलेलं आहे, ते. त्रिसंयुजी आर्सेनिकवर ऑक्सिजन किंवा हॅलोजनसारखे सहज सुटणारे गट असतील, तर ते गंधकावर तुटून पडतं. शेजारी शेजारी दोन थायॉल (गंधक-हायड्रोजन) गट मिळाले की दोन्हींना धरून स्थिर कडं तयार करतं आणि मग सुटता सुटत नाही. पेशीतल्या पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज या विकरसंकुलाचं काम लिपोइक आम्लावर चालतं, आणि त्यात असेच दोन थायॉल जवळजवळ असतात. तिथे आर्सेनिक बसलं की पेशीचं ऊर्जेचं गाडं अडलं. याउलट ट्रायफिनाइलआर्सिन घ्या. आर्सेनिक त्रिसंयुजीच आहे, पण तिन्ही हात फिनाइल कड्यांत अडकलेले. गंधकाला धरायला हात मोकळा नाही. पंचसंयुजी रूपांना तर आधी क्षपण होऊन तीनवर यावं लागतं, तेव्हा कुठे ती चावतात. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

या शाखेचा जन्म अपघातानेच झाला. 1760 च्या सुमारास कादे नावाचे फ्रेंच रसायनतज्ज्ञ अदृश्य शाईसाठी कोबाल्टच्या खनिजांवर काम करत होते. त्या खनिजांत आर्सेनिक होतंच. त्यांनी ते पोटॅशियम ॲसिटेटबरोबर तापवलं आणि हाती आला एक धुरकट, असह्य वासाचा द्रव. पुढे ऐंशीएक वर्षांनी रॉबर्ट बुन्सेन यांनी (बर्नरवाले तेच) त्या द्रवाचा पिच्छा पुरवला. त्यातल्या मूळ गटाला बर्झेलियस यांनी ‘कॅकोडिल’ हे नाव दिलं, ग्रीकमधल्या ‘दुर्गंधी’ या अर्थाच्या शब्दावरून. या वासाने हातापायांना मुंग्या येतात, भोवळ येते आणि जिभेवर काळा थर चढतो, असं बुन्सेन यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय. कॅकोडिल सायनाइडच्या स्फोटात त्यांचा एक डोळा गेला. गंमत अशी, की याच कुळातल्या कॅकोडिलिक आम्लाचं बफर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवाले पेशी स्थिर करायला अजून वापरतात, आणि त्यांतल्या अनेकांना त्या बाटलीत आर्सेनिक आहे हे लेबल नीट वाचेपर्यंत ठाऊक नसतं.

आता बनवण्याकडे येते. सेमिनारसाठी चार वाटा समजल्या तरी पुरे, पण त्या पाठ न करता आर्सेनिक प्रत्येक वेळी कोणाची भूमिका करतंय ते बघा.

पहिली बेशां यांची, 1860 च्या आसपासची. ॲनिलिन आणि आर्सेनिक आम्ल एकत्र तापवलं की आर्सेनिक थेट कड्यावर, बहुतेक पॅरा जागी, बसतं. सल्फोनेशन शिकला असाल तर तीच गोष्ट: आर्सेनिक इथे इलेक्ट्रॉन मागणारं आहे. म्हणून ही वाट फक्त ॲनिलिन, फिनॉल अशा इलेक्ट्रॉनांनी भरल्या कड्यांवर चालते. उत्पन्नही बेताचंच मिळतं.

दुसरी आणि तिसरी वाट याच्या बरोबर उलट. मेयर यांनी 1883 मध्ये दाखवलं, की अल्कधर्मी द्रावणातलं आर्सेनाइट (त्रिसंयुजी आर्सेनिकचा क्षार) मिथिल आयोडाइडवर हल्ला करतं आणि मिथिलआर्सोनिक आम्ल मिळतं. इथे आर्सेनिक स्वतःची इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी देतं, आणि देता देता तीनवरून पाच संयुजेवर जातं. बार्ट यांनी 1910 मध्ये तीच युक्ती ॲनिलिनसारख्या अमाइनपासून बनणाऱ्या डायाझोनियम क्षारांवर चालवली. नायट्रोजन वायू बुडबुडत बाहेर पडतो आणि त्याच्या जागी आर्सेनिक बसतं. बार्टचा फायदा उघड आहे. कड्यावर नायट्रो, कार्बॉक्सिल काहीही असो, अमाइन गट असला की तिथे आर्सेनिक नेता येतं. आर्सोनिक आम्लं बनवायची तर आजही पहिला विचार याच अभिक्रियेचा होतो.

चौथी वाट ट्रायअरिल आणि ट्रायअल्किल आर्सिनांसाठी: ग्रिन्यार अभिकर्मक (कार्बन-मॅग्नेशियम संयुग) किंवा अरिल लिथियम घेऊन आर्सेनिकवरचे हॅलोजन एकामागून एक कार्बनने बदलायचे. ट्रायफिनाइलआर्सिनची जुनी पद्धत सोडियम वापरून क्लोरोबेंझीनपासून जाते. स्वच्छ पांढरे स्फटिक मिळतात, साठ अंशांच्या जरा वर वितळतात, हवेत टिकतात, फॉस्फिनसारखा वास मारत नाहीत. नवख्या माणसाला आर्सेनिकची भीती घालवायची असेल तर मी हाच पदार्थ आधी हातात देते. हातमोज्यांसकट, अर्थात.

खरा धोका मधल्या टप्प्यांवर असतो. कार्बन आणि हॅलोजन दोन्ही एकाच आर्सेनिकवर असलेली संयुगं बाष्पनशील असतात, त्वचा आणि फुप्फुसं पोळतात, आणि त्यांतली काही पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरली गेली. 1997 पासून लागू असलेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्याच अनुसूचीत लुइसाइटं (आर्सेनिकची युद्धविषं) आहेत, आणि आर्सेनिक ट्रायक्लोराइड दुसऱ्या अनुसूचीत. त्यामुळे ‘आधी मधला क्लोराइड वेगळा काढू, शुद्ध करू’ असा बेत कुणी माझ्यापुढे मांडला तर मी तो तिथेच थांबवते. याला चांगला पर्याय जपानमध्ये केन्सुके नाका यांच्या गटाने शोधला. ते चक्रीय ऑलिगोआर्सिनपासून सुरुवात करतात. हे आर्सेनिक-आर्सेनिक बंधांचं कडं असलेले, न उडणारे घन पदार्थ. कडं फ्लास्कमध्येच फोडायचं आणि तयार झालेलं क्रियाशील रूप तिथल्या तिथे पुढच्या अभिक्रियेत वापरून टाकायचं. बाटलीत भरून ठेवण्याजोगा घातक मधला पदार्थ उरतच नाही. गेल्या काही वर्षांत आर्सेनिकवर काम करणारे गट पुन्हा दिसू लागले, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

मग फॉस्फरस सोडून आर्सेनिक का? फॉस्फिन आणि आर्सिन कागदावर सारखेच दिसतात: मध्ये अणू, खाली तीन हात, वर एकाकी जोडी. पण आर्सेनिकचे हात लांब, फिनाइल कार्बनशी सुमारे 1.96 अँगस्ट्रॉम, तर फॉस्फरसचे 1.83. आर्सेनिकची एकाकी जोडी एस कक्षेकडे जास्त झुकलेली, म्हणून ती देण्यात आर्सेनिक हात आखडता घेतं. हा दोष वाटतो, पण काही ठिकाणी तोच कामाला येतो. 1991 मध्ये फरीना आणि कृष्णन यांनी स्टिले जोडणीत (पॅलेडियमच्या मदतीने टिनवरचा कार्बन दुसऱ्या कार्बनला जोडणारी अभिक्रिया) ट्रायफिनाइलफॉस्फिनऐवजी ट्रायफिनाइलआर्सिन घातलं आणि वेग शेकडो पटींनी वाढल्याचं दाखवलं. कारण साधं आहे. या अभिक्रियेत टिनच्या संयुगाला पॅलेडियमपर्यंत पोचायला आधी एक लिगँड, म्हणजे आपली एकाकी जोडी देऊन धातूला चिकटलेला रेणू, उठून जावा लागतो. फॉस्फिन बूड हलवत नाही. आर्सिन चटकन उठतं.

पण म्हणून ‘आर्सिन म्हणजे कमकुवत लिगँड’ असं लिहून ठेवू नका. दोन आर्सेनिक एका बेंझीन कड्यावर शेजारी बांधले की चित्र पालटतं. असा ‘डायार्स’ लिगँड वापरून रोनाल्ड नायहोम यांनी गेल्या शतकाच्या मध्याला धातूंच्या अशा ऑक्सिडीकरण स्थिती पकडून ठेवल्या, ज्या पाठ्यपुस्तकांत अशक्यप्राय मानल्या जात होत्या. तीन आणि चार संयुजेचं निकेल हे त्यातलं ठळक उदाहरण.

दुसरा फरक ऑक्सिजनशी असलेल्या नात्याचा. फॉस्फरस-ऑक्सिजन बंध इतका मजबूत, की एकदा झाला की झाला. कार्बन-कार्बन दुहेरी बंध बनवणाऱ्या विटिग अभिक्रियेनंतर ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड काढता काढता कॉलमवर किती दिवस गेलेत ते ज्याचं त्याला माहीत. आर्सेनिक-ऑक्सिजन बंध त्या मानाने दुबळा. आर्सिन ऑक्साइडचं ट्रायफिनाइल फॉस्फाइटसारख्या सौम्य क्षपणकारकाने परत आर्सिन करता येतं. शांघायमधल्या हुआंग याओझेंग यांच्या गटाने 1980 च्या दशकात नेमकं हेच पकडलं. त्यांनी ट्रायब्यूटिलआर्सिन फक्त उत्प्रेरकाच्या मात्रेत वापरून विटिगसारखी जोडणी करून दाखवली. फॉस्फरसला हे चक्र बंद करायला त्यानंतर वीसएक वर्षं लागली. आर्सोनियम इलाइड, म्हणजे या जोडणीत प्रत्यक्ष काम करणारं रूप, फॉस्फरसच्या भावंडापेक्षा जास्त क्रियाशीलही असतं. मात्र बाजूला स्थिर करणारा गट नसेल तर अल्कीनऐवजी इपॉक्साइड देऊन फसवतं, हेही लक्षात ठेवा.

तिसरा फरक आकाराचा, आणि तो मला सगळ्यांत देखणा वाटतो. अमाइनचा पिरॅमिड छत्रीसारखा क्षणात उलटतो. फॉस्फिनचा उलटायला बरीच ऊर्जा लागते, आर्सिनचा तर त्याहून जास्त. म्हणजे तीन वेगळे गट लावलेलं आर्सेनिक कायरल केंद्र (ज्याची आरशातली प्रतिमा त्याच्यावर तंतोतंत बसत नाही) म्हणून नेहमीच्या तापमानाला ठाम उभं राहतं. आर्सोल या पाच अणूंच्या कड्यात आर्सेनिकचा आणखी एक हट्टीपणा, हवेला न बधण्याचा, प्रकाश देणाऱ्या पदार्थांसाठी उपयोगी पडतो. फॉस्फोल, म्हणजे फॉस्फरसची तशीच कडी, हवेत सहज ऑक्सिडीकृत होतात, त्यामुळे एकाकी जोडी मोकळी ठेवून त्यांचे पॉलिमर बनवणं कटकटीचं असतं. आर्सोलवर ती जोडी हवेतही शाबूत राहते, आणि आर्सेनिक जड असल्यामुळे काही संयुगांत फॉस्फोरेसन्सही (रेंगाळणारा प्रकाश) दिसतो.

अर्धवाहकांचं एका वाक्यात सांगते: गॅलियम आर्सेनाइडचे थर चढवताना आर्सिन वायूच्या सिलिंडरऐवजी टर्ट-ब्यूटिलआर्सिन हा द्रव वापरता येतो. तो कमी तापमानाला विघटित होतो आणि उच्च दाबाखाली साठवावा लागत नाही.

औषधांचा भाग मात्र जरा सावकाश सांगायला हवा. बेशां यांच्या त्या ॲनिलिनच्या पदार्थाला ‘ॲटॉक्सिल’ म्हणजे ‘बिनविषारी’ असं नाव मिळालं होतं. ते नाव फसवं निघालं, त्याने काही रुग्णांची दृष्टी गेली. त्याची रचनाही चुकीची मानली जात होती. आर्सेनिक नायट्रोजनला जोडलेलं आहे असा समज होता. पॉल एर्लिख आणि आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी 1907 मध्ये दाखवलं, की आर्सेनिक कड्याच्या कार्बनवर आहे आणि अमाइन गट मोकळा आहे. दिसायला ही किरकोळ दुरुस्ती. पण अमाइन मोकळा असेल तर त्याच्यावर हवं ते रसायन करता येतं, आणि तिथून शेकडो संयुगांची मालिका सुरू झाली. 1909 मध्ये साहाचिरो हाता यांनी 606 क्रमांकाचं संयुग सिफिलिसवर चालतं हे सशांवर दाखवलं, आणि 1910 मध्ये ते साल्व्हार्सान नावाने बाजारात आलं.

एर्लिख यांनी त्याची रचना काढली ती दोन आर्सेनिकमध्ये दुहेरी बंध असलेली. जवळजवळ शतकभर पुस्तकांत तीच छापली गेली. वास्तविक इतक्या छोट्या गटांच्या आडोशाने आर्सेनिक-आर्सेनिक दुहेरी बंध टिकत नाही. खराखुरा स्थिर डायार्सीन बनायला 1983 उजाडलं, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना अवाढव्य गट लावावे लागले. 2005 मध्ये न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातल्या गटाने साल्व्हार्सानचे मास स्पेक्ट्रम (रेणूंच्या वस्तुमानाचे आलेख) घेतले आणि त्या जुन्या चित्रावर हरताळ फासला. (शब्दप्रयोग चपखल आहे, हरताळ म्हणजे आर्सेनिकचंच सल्फाइड.) साल्व्हार्सान हे मुख्यतः तीन आणि पाच आर्सेनिकच्या कड्यांचं मिश्रण निघालं. शरीरात ही कडी हळूहळू ऑक्सिडीकृत होऊन त्रिसंयुजी, चावणारं रूप सोडत असावीत. वर सांगितलेली गंधकाची गोष्ट इथे पुन्हा आलीच.

त्याच गोष्टीचा सर्वांत हुशार वापर रॉजर चेन यांच्या प्रयोगशाळेत 1998 मध्ये झाला. त्यांनी फ्लुरेसिन या रंगद्रव्यावर दोन आर्सेनिक अणू बसवले आणि दोघांनाही इथेनडायथायॉलची झाकणं लावली. अशा अवस्थेत हा रेणू जवळपास चमकतच नाही. मग हव्या त्या प्रथिनात सहा अमिनो आम्लांचा छोटा तुकडा जोडायचा: दोन सिस्टीन, मध्ये दुसरी दोन, पुन्हा दोन सिस्टीन. चार थायॉल बरोबर त्या अंतरावर सापडले की आर्सेनिक झाकणं टाकून तिथे बसतात, रेणू ताठ होतो आणि हिरवा उजळतो. जिवंत पेशीत एकच प्रथिन खूण करून पाहायची ही सोय. भलतीकडे चिकटलेलं आर्सेनिक आणखी थोडं डायथायॉल घालून धुऊन काढता येतं. ही कल्पना मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या बीएएल (ब्रिटिश अँटी-लुइसाइट) या उताऱ्याची: आर्सेनिकला शरीरातल्या थायॉलपेक्षा जास्त आवडेल असा जोड-थायॉल पुढे करायचा. उतारा, विष आणि रंगद्रव्य, तिघांचं रसायन एकच.

आर्सेनिकची औषधं संपली असंही नाही. परजीवीमुळे होणाऱ्या झोपेच्या आजारावरचं मेलार्सोप्रोल 1949 पासून वापरात आलं आणि अनेक वर्षं शेवटचा आधार राहिलं, जरी घेणाऱ्यांपैकी काही टक्के रुग्ण त्याच्या मेंदूवरच्या परिणामानेच दगावत. डायमिथिलआर्सेनिक आणि ग्लुटाथायोन जोडून केलेल्या डारिनापार्सिनला जपानने 2022 मध्ये एका लिम्फोमासाठी मान्यता दिली.

निसर्गही हे रसायन करतो. आर्सेनिकयुक्त हिरव्या रंगाच्या वॉलपेपरवर बुरशी वाढली की लसणासारख्या वासाचा वायू सुटायचा. फ्रेडरिक चॅलेंजर यांनी 1930 च्या दशकात तो ट्रायमिथिलआर्सिन असल्याचं ओळखलं आणि क्षपण, मग मिथिल गट, पुन्हा क्षपण असा पायऱ्यांचा मार्ग मांडला. आपलं यकृतही साधारण हेच करतं. बराच काळ याला ‘विष उतरवणं’ म्हटलं गेलं, पण मधलं त्रिसंयुजी मोनोमिथिल रूप मूळ आर्सेनाइटपेक्षाही जहाल निघालं. मिथिल गट लागला म्हणजे धोका टळला, असं सेमिनारमध्ये म्हणू नका. कुणीतरी नक्की पकडेल.

मोजमापाबद्दल एक स्वतःची फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात मी माशाचा नमुना नायट्रिक आम्लात पचवला, हायड्राइड पद्धतीने (आर्सेनिकचं हायड्रोजनबरोबर वायुरूप संयुग करून) आर्सेनिक मोजलं आणि आकडा अगदी थोडका आला. मी खूश. तोच नमुना सहकाऱ्याने आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मात अणूंचे आयन करून वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) घातला तर कितीतरी पटींनी जास्त. दोन दिवस आम्ही एकमेकांची पिपेट तपासत बसलो. दोघांच्याही पिपेटा बरोबर होत्या. आर्सेनोबीटेन नेहमीच्या नायट्रिक पचनात फुटतच नाही, आणि न फुटलेला तो हायड्राइडही बनवत नाही. माझ्या यंत्राच्या लेखी ते आर्सेनिक अस्तित्वातच नव्हतं. त्याला फोडायला तीनशे अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. आणि आयसीपी-एमएसवाल्यांनीही फार फुशारकी मारू नये. आर्सेनिकचा एकच समस्थानिक आहे, वस्तुमान 75, आणि आर्गॉन व क्लोरीन जोडून होणारा आयनही 75 वरच येतो. खारट नमुन्यात असे जोड-आयन गाळणारा कोलिजन सेल न वापरता मोजलेलं आर्सेनिक बऱ्याचदा मीठच असतं. लघवीतलं एकूण आर्सेनिक मोजायचं असेल, तर आधीचे तीन-चार दिवस मासे वर्ज्य, तेही माशातल्या या आर्सेनोबीटेनमुळेच.

या एकाच समस्थानिकाचा त्रास संश्लेषणवाल्यांनाही होतो. ब्रोमीनसारखी जोडशिखरं नाहीत, त्यामुळे मास स्पेक्ट्रमवर नजर टाकून आर्सेनिक ओळखता येत नाही. फॉस्फरसच्या एनएमआरवर वाढलेल्या माणसाला तर हात बांधल्यासारखं वाटतं. आर्सेनिकचा अणुगर्भ चतुर्ध्रुवी असल्याने त्याच्या रेषा इतक्या पसरतात की बहुतेक संयुगांत दिसतच नाहीत. प्रोटॉन, कार्बन आणि जमेल तेव्हा स्फटिकाचा एक्स-रे, यावरच भिस्त. आर्सोनिक आम्लांच्या वितळबिंदूवर फार विसंबू नका. तापवताना ती पाणी सोडतात आणि आकडा तापवण्याच्या वेगावर ठरतो.

शेवटी कचऱ्याच्या बाटलीबद्दल, कारण अपघात तिथेच जास्त होतात. आर्सेनिकचा कचरा स्वतंत्र, अल्कधर्मी बाजूला ठेवलेला आणि लेबल लावलेला असावा. आम्ल आणि जस्त किंवा ॲल्युमिनियमसारखा धातू त्यात कधीही जाता कामा नये. आर्सेनिक, आम्ल आणि धातू एकत्र आले की आर्सिन वायू सुटतो. त्याला लसणासारखा वास असतो, पण तो साधारण अर्धा पीपीएमला (हवेच्या दशलक्ष भागांत अर्धा भाग) जाणवतो, आणि कामाच्या जागेची मर्यादा 0.05 पीपीएम आहे. वास आला याचा अर्थ मर्यादा दहापट ओलांडून झाली. आमच्या हूडवर त्यासाठी डिटेक्टर लावलेला आहे आणि तो दर सोमवारी तपासला जातो, काम असो वा नसो.